मोहाचे अन्न घरात राहू द्या

धारणी आणि चिखलदरा या अमरावती जिल्ह्यातील दोन तालुक्यांचा जो डोंगराळ मुलूख मेळघाट या नावाने ओळखला जातो, तेथील बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न १९९३ साली वृत्तपत्रांतून साऱ्या महाराष्ट्रापुढे आला, आणि तेव्हापासून आजतागायत त्या प्रश्नाकडे सरकारचे, न्यायालयाचे अथवा समाजसेवकांचे लक्षच गेले नाही असे कोणालाही म्हणता येणार नाही. १९९५ साली नवसंजीवन योजना सुरू झाली. २०१५ साली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना आली. उच्च न्यायालयाने जनहित याचिकांवरून शासनाला पुनःपुन्हा जाब विचारला. आणि बैरागडसारख्या दुर्गम गावी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याला २०१९ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांच्या सेवेची नोंद घेतली. इतके सर्व होऊनही पावसाळ्याचे महिने लागले की कोरकू आदिवासी कुटुंबाच्या घरातील धान्य सरते, हातांना काम मिळत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुले आजारी पडतात, हा क्रम ज्याअर्थी अद्याप मोडलेला नाही, त्याअर्थी बाहेरून काय न्यावे याचा विचार करताना, तेथे मुळात काय आहे आणि ते तेथे का टिकत नाही, हा दुसरा विचार आपण पुरेसा केला आहे काय, हे एकदा शांतपणे तपासून पाहिले पाहिजे.

तेथे जे आहे त्यात मोह हा वृक्ष अग्रभागी आहे. फाल्गुन-चैत्रात, म्हणजे रब्बीचे थोडेफार धान्य हाती असताना, त्याची फुले मेळघाटातील घरोघरी येतात. वैशाखात ती पोत्यांत भरून व्यापाऱ्याकडे जातात. आणि आषाढ-श्रावणात, जेव्हा त्या घराला मूठभर गोड, बलदायी अन्नाची सर्वाधिक गरज असते, तेव्हा घरात त्यातले काहीही उरलेले नसते. पीक आले आणि भूकही आली, परंतु दोहोंची गाठ पडली नाही, असा हा प्रकार आहे. ही गाठ पडू न देणारी कारणे निसर्गाने निर्माण केलेली नाहीत. ती कायद्याने, कर्जाने आणि साठवणीच्या अभावाने निर्माण केलेली आहेत, म्हणून ती मनुष्ययत्नाने दूरही करता येतील, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

मोह हा चिक्कू आणि बकुळ यांच्या कुळातला वृक्ष. वनस्पतिशास्त्रात त्याला मधुका लाँगिफोलिया असे नाव आहे. सातपुड्याच्या या भागात तो सागाच्या जंगलात, गावालगतच्या माळावर, शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठी उभा असतो. बी रुजल्यापासून फुलावर येण्यास त्याला सुमारे दहा वर्षे लागतात, पण एकदा फुलू लागला की तो कित्येक पिढ्यांना पुरतो. माघ-फाल्गुनात त्याची पाने झडतात, फांद्यांच्या टोकांशी तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके दिसू लागतात, आणि फुलांचा बहर ओसरता ओसरता तांबूस कोवळी पालवी फुटते. ज्या ऋतूत बाकीचे जंगल रखरखीत झालेले असते, त्या ऋतूत हा वृक्ष मनुष्याला, अस्वलाला, हरणाला, माकडाला आणि फळे खाणाऱ्या वटवाघळांना एकाच वेळी पोसतो. आणि म्हणून मोहाच्या झाडाखाली सर्वांत आधी कोण पोहोचते, या साध्या गोष्टीवर कधी कधी माणसाचा जीवही अवलंबून राहतो, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात फुले खात बसलेले अस्वल आणि टोपली घेऊन आलेली बाई यांची अवचित भेट होण्याचे प्रसंग त्या भागात घडत असतात.

फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून गळू लागते. गळते ती पांढुरकी, फिकट पिवळी, रसाने टचटचलेली पाकळ्यांची कुपी. बोटांत धरली तर चिकट लागते, जिभेवर ठेवली तर आधी गोड आणि मागाहून किंचित उग्र लागते. ती तोडावयाची नसते, वेचावयाची असते. आणि ऊन चढण्यापूर्वी वेचली नाही तर मुंग्या, माश्या आणि गुरे तिचा फडशा पाडतात. म्हणून त्या पंधरा-वीस दिवसांत घरातील आजीपासून पोरापर्यंत सारे माणूस झाडाखाली असते. कोणते झाड कोणत्या घराचे हे गावाच्या वहिवाटीने ठरलेले असते, आणि जमीन दप्तरी कोणाच्याही नावे असली तरी ही वहिवाट बहुधा मोडली जात नाही. आणलेली फुले सारवलेल्या अंगणात पातळ पसरतात; तीन-चार कडक उन्हांत ती आक्रसून मनुकांसारखी तांबूस-काळसर होतात; मग काठीने हलकेच झोडपून आतील केसर झाडून टाकतात आणि उरलेली फुले मडक्यात किंवा कणगीत भरतात. पुढे ज्येष्ठ-आषाढात याच झाडाला हिरवी फळे येतात, त्यांना कोणी टोळ म्हणतात तर कोणी टोळंबी. त्यांच्या कोवळ्या गराची भाजी होते, आणि आतील बियांपासून निघणारे तेल, जे थंडीत तुपासारखे थिजते, ते खाण्यास, अंगाला लावण्यास आणि दिव्यात जाळण्यास उपयोगी पडते.

आता या फुलाचे अन्न म्हणून मोल काय, याचा विचार करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे, कारण ज्या वस्तूवर आपले प्रेम असते तिच्या अंगी नसलेले गुण चिकटवल्याने तिचे नुकसानच होते. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निव्वळ साखरेचा असतो. त्यात प्रथिन थोडे असते, स्निग्धांश नाममात्र असतो, चुना आणि इतर खनिजे काही प्रमाणात असतात. म्हणजे मोह हा एकटा कुपोषणाचे निवारण करू शकणार नाही; डाळीचे, अंड्याचे, दुधाचे काम तो करणार नाही. परंतु आदिवासी स्वयंपाकघराने ही उणीव फार पूर्वी ओळखलेली दिसते, कारण त्या घरांत मोह एकटा क्वचितच खाल्ला जातो. भाजलेले मोह भाजलेल्या तिळाबरोबर किंवा जवसाबरोबर उखळात कुटून त्याचे लाडू वळतात. उकडलेले मोह ज्वारीच्या किंवा मक्याच्या भरडात मिसळतात. मोहाच्या रसात पीठ भिजवून भाकरी थापतात. कुटकीच्या भातासोबत शिजवून खातात. साखर मोहाची, स्निग्धांश व प्रथिन तिळाचे, पिष्ट भरड धान्याचे, अशी ही जोडणी आहे. आणि तिच्यातला कोणताही जिन्नस पूर्वी पैसे देऊन बाजारातून आणावा लागत नसे. कष्टकरी शरीराला, बाळंतिणीला आणि वाढत्या मुलाला थोड्या आकारमानात पुष्कळ ऊर्जा देणारे अन्न लागते, हे आहारशास्त्राचे म्हणणे ज्यांना मान्य आहे, त्यांनी या लाडवाकडे मागासलेल्या लोकांचे खाणे म्हणून पाहणे सोडून दिले पाहिजे.

औषध म्हणून या वृक्षाची प्रतिष्ठा त्याहून जुनी आहे. संस्कृत निघंटूंनी त्याला मधूक, गुडपुष्प, मधुपुष्प, वानप्रस्थ अशी नावे दिली असून, त्याचे फूल मधुर, शीत, गुरू आणि बृंहण, म्हणजे शरीर भरून आणणारे आहे, असे त्याचे वर्णन केले आहे. चरकसंहितेत ग्रहणीच्या, म्हणजे पचनाच्या जुनाट विकाराच्या, चिकित्सेत मधूकासव सांगितला आहे. लोकव्यवहारातही फूल खोकल्यावर व अशक्तपणावर, दुधात शिजवून बाळंतिणीला दूध यावे म्हणून, सालीचा काढा हिरड्यांतून रक्त येत असल्यास किंवा घसा सुजल्यास गुळण्या करण्यासाठी, आणि बियांचे तेल सांधेदुखीवर, डोकेदुखीवर व भेगाळलेल्या त्वचेवर चोळण्यासाठी वापरण्याचा प्रघात आहे. यांतील प्रत्येक उपयोग प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरलेला आहे असे नाही, आणि ताप, न्यूमोनिया किंवा अतिसार झालेल्या मुलाला दवाखान्यात नेण्याऐवजी काढ्यावर ठेवावे असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. बियांत सॅपोनिन नावाचे विषारी द्रव्य असते, तेल काढल्यानंतरच्या पेंडीत ते उरते, आणि म्हणूनच ती पेंड पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची रीत पडली. तेव्हा ती पेंड गुरांना तशीच घालू नये, हेही लक्षात ठेवले पाहिजे. परंतु गुणदोषांसह जाणले जाणारे द्रव्य हेच खरे औषध होय, आणि मोहाचे गुणदोष त्याच्या सावलीत राहणाऱ्या लोकांना ठाऊक आहेत.

या वृक्षाचा सन्मान केवळ वैद्यांनी केला असेही नाही. कालिदासाच्या रघुवंशात इंदुमतीचे स्वयंवर वर्णिलेले आहे. त्यात ती राजकन्या जी वरमाला हाती घेऊन राजांच्या समोरून जाते, ती दूर्वांत गुंफलेली मधूकाची, म्हणजे मोहाच्या फुलांची माला आहे. कुमारसंभवातही विवाहाच्या वेळी पार्वतीच्या केशरचनेत दूर्वा आणि मोहफुलांची माळच येते. इंदुमती ही विदर्भाची राजकन्या, आणि विदर्भाची ती प्राचीन राजधानी म्हणून अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर परंपरेने मानले जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्याच भूमीच्या लेकीच्या हातातले मंगल पुष्प आपण पुढे कोणत्या यादीत नेऊन टाकले, याचा विचार मनाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड आणि मध्यप्रांत होरपळून निघाले, आणि मध्य भारतातील दुष्काळांविषयीच्या सरकारी कागदपत्रांत मोहाचा उल्लेख रानालगतच्या रयतेला तगवणारे अन्न म्हणून येत राहिला. म्हणजे परक्या अंमलदारांनाही त्याचे अन्नत्व नाकारता आले नाही.

तथापि त्याच अंमलदारांच्या दप्तरात मोहाची दुसरी ओळख अधिक बळावली, ती अबकारीच्या महसुलाची. मोहफूल आंबवून दारू काढता येते, आणि घरी दारू काढली गेली तर मक्तेदाराच्या दुकानाचे व पर्यायाने सरकारच्या वसुलीचे नुकसान होते, या हिशेबाने मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहासाठी स्वतंत्र कायदाच करण्यात आला. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून १८५३ साली घेतलेला आणि पुढे १९०३ साली मध्यप्रांताला जोडलेला मुलूख असल्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु कलालाचा मक्ता आणि अबकारीची नजर येथेही होतीच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाची व्याख्या करताना मोहाची फुले व बिया यांचा नावानिशी समावेश केला, आणि तोही अशा रीतीने की ती जंगलात मिळोत किंवा जंगलाबाहेर मिळोत, ती वनोपजच ठरावीत. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला, १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला, आणि १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेल्यानंतर कालांतराने त्याचीच व्यवस्था इकडे चालू झाली; तिच्यात मोहफुले जवळ बाळगणे, विकणे आणि वाहून नेणे या सर्व गोष्टी परवान्याच्या कक्षेत गेल्या. दारूबंदीचा हेतू उदात्त होता, याविषयी मला तिळमात्र संशय नाही. पण एका फुलाकडे एका बाजूने वन खाते आणि दुसऱ्या बाजूने अबकारी खाते पाहत असताना, तिसऱ्या बाजूने त्याच्याकडे अन्न म्हणून पाहणारे खाते कोणतेच नव्हते, आणि या अभावाची किंमत ज्यांनी मोजली त्यांची दरखास्त कोणत्याही कचेरीत कधी दाखल झाली नाही.

ती किंमत अशी. ज्या घरी मोहाचे पोते सापडेल त्या घरी पंचनामा होईल, ही धास्ती एकदा मनात बसली म्हणजे माणूस ते पोते शक्य तितक्या लवकर घराबाहेर काढू पाहतो. आणि ज्याला माल लवकर विकावयाचा आहे त्याला भाव मिळत नाही, हा बाजाराचा नियम आहे. त्यात व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतलेली असते, मीठ-तेल-कपडा त्याच्याच दुकानातून आलेला असतो, आणि होळीच्या सणाला कामाच्या गावांहून परतलेल्या मजुराच्या हाती जे चार पैसे असतात ते फगव्यात आणि मेघनाथाच्या जत्रेत खर्ची पडलेले असतात. शिवाय मोहफुलात साखर पुष्कळ असल्याने ते पावसाळी हवेत ओल धरते, त्याला बुरशी येते. बंदिस्त, कोरडी कोठी ज्याच्या घरी नाही त्याला ते श्रावणापर्यंत टिकवता येत नाही. अशा तीन बाजूंनी रेटा आल्यावर मोह विकला जातो, आणि मग त्यातला बराचसा भाग शेवटी ज्या दारूच्या भट्टीपासून त्याला वाचवावे म्हणून कायदा केला, त्याच भट्टीकडे जातो. घरात राहिला असता तर ज्याचे अन्न झाले असते, तो घराबाहेर गेल्यामुळे मद्य होतो, ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील जुने निर्बंध उठवले, ही गोष्ट म्हणूनच स्वागतार्ह होय. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी हक्क गावसमाजाला दिलेला होताच. परंतु सरकारी हुकूम निघणे ही एक गोष्ट, आणि डोंगरातल्या पाड्यावरील म्हातारीच्या मनातून भीती जाणे ही दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली धास्ती राजपत्रातील एका अधिसूचनेने निघून जात नाही. ती ग्रामसभेत, तिच्या स्वतःच्या कोरकू भाषेत, पोलीस ठाण्यातील आणि वन खात्यातील अधिकाऱ्याने समक्ष उभे राहून सांगितल्याने जाते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही प्रामाणिक असल्यामुळे त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप दारूचा. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्या स्त्रियांचा संताप न्याय्य आहे, आणि घरात मोह ठेवू द्या म्हणजे दारूच काढू द्या, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी करू नये. पण वऱ्हाडातील हातभट्टीची दारू गूळ आणि नवसागर वापरूनही निघते, हे सर्वश्रुत आहे. तेवढ्यासाठी गूळ घरात ठेवण्याला कोणी बंदी केली नाही. गुन्हा भट्टी लावण्यात आहे, फूल बाळगण्यात नाही. हा भेद गुळाच्या बाबतीत जर आपण सहज मानतो, तर तो मोहाच्या बाबतीतही मानला पाहिजे.

दुसरा आक्षेप वणव्याचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची सवय काही ठिकाणी आहे, आणि उन्हाळ्यात ती आग वाऱ्याबरोबर जंगलात शिरते. १९७४ साली व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झालेल्या मेळघाटाच्या रक्षणासाठी दिवसरात्र झटणाऱ्या वनरक्षकांची त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. त्या आगीत मोहाची स्वतःची रोपेही जळतात. आणि फूलही वेचले, बीही वेचले, उरले ते जळाले, अशी स्थिती झाल्यावर जुन्या मोहांखाली नवा मोह उभा राहत नाही. याला उपाय आहेत: झाडाखालची जागा झाडूने झाडणे, साडीचे किंवा जाळीचे कापड अंथरणे, आणि प्रत्येक गावाने काही झाडांचे बी मुळीच न उचलता रुजण्यासाठी सोडणे. ज्याचा झाडावर निश्चित हक्क आहे तोच त्याच्याखालची आग विझवण्यास धावतो. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो आजच काय ते गोळा करतो. म्हणून हक्क देणे आणि जंगल राखणे या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

याचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवून आपल्या उजाड वनभूमीची निगा राखली, सीताफळासारखे वनोपज स्वतः बाजारात नेले, आणि २०१४ साली जैवविविधतेच्या राष्ट्रीय पुरस्काराने त्या गावाचा गौरव झाला. सीताफळाच्या बाबतीत जे शक्य झाले ते मोहाच्या बाबतीत अशक्य मानण्याचे कारण नाही. उलट अकोल्याच्या बाजूला काय घडले तेही पाहावे. केलपाणी, गुल्लरघाट आदी गावे व्याघ्रप्रकल्पातून उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसवण्यात आली. नुकसानभरपाई, प्लॉट, घर यांचा हिशेब झाला. पण घराण्याच्या वहिवाटीतले मोहाचे झाड कोणत्याही पंचनाम्यात मोजले जात नाही, आणि त्याच्याबरोबर चैत्रातील अन्न, आषाढातील तेल व वर्षभराचे औषध गेले, ही हानी कोणत्याही रकमेत धरली जात नाही. त्यांतील काही कुटुंबे पुन्हा डोंगराकडे परतली, तेव्हा त्यांच्या त्या परतण्याचा अर्थ केवळ हट्ट असा करणे मला अन्यायाचे वाटते.

मग काय करावे? माझ्या मते चार गोष्टी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालवते. तीत शेतकरी आपली तूर किंवा सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल अल्प व्याजाने घेतो, आणि भाव आल्यावर विकतो अथवा पैसे फेडून माल घरी नेतो. हीच तजवीज ग्रामसभेच्या हाती मोहफुलासाठी करावी, म्हणजे वैशाखातील पैशाची नड भागेल आणि फूल गावातच राहील. त्यासाठी दुसरी गोष्ट, दर मोठ्या गावी एक कोरडी, हवाबंद साठवणीची कोठी आणि स्वच्छ वाळवणीचे ओटे. अनेक रस्ते जिने बांधले त्या रोजगार हमीच्या निधीतून एवढे काम होणे कठीण नाही. तिसरी गोष्ट, आदिवासी विकास महामंडळाने खरेदीचा भाव आणि तारीख होळीपूर्वी जाहीर करावी आणि त्या तारखेला काटा गावात यावा, कारण उशिरा येणारा सरकारी काटा व्यापाऱ्याचाच फायदा करतो.

चौथी गोष्ट ज्ञानाची, आणि तिची जबाबदारी अकोल्यावर आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने वऱ्हाडच्या कापसासाठी, ज्वारीसाठी, तुरीसाठी जे केले त्याबद्दल हा प्रांत त्याचा ऋणी आहे. गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूर येथील केंद्रीय संशोधन केंद्राने ‘थार मधु’ नावाचे मोहाचे वाण निवडले. छत्तीसगडात जशपूरच्या स्त्रियांनी २०२० च्या साथीत मोहापासून हात निर्जंतुक करण्याचे द्रव तयार केले. मग मेळघाटातील उत्तम मोह कोणते, त्यांची कलमे कशी करावीत, फूल पावसाळ्यात कसे टिकवावे, आणि तीळ-मोहाच्या लाडवात नेमके किती पोषण आहे, हे सिद्ध करून दाखवण्याचे काम अकोल्याने का करू नये? तपासणीत उतरलेला तो लाडू मग अमृत आहारातल्या अंड्याच्या आणि डाळीच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीला अंगणवाडीत जावा, आणि तो गावातल्याच बायांनी गावातल्याच फुलांचा करावा. म्हणजे पोषण मुलाला मिळेल आणि मोबदला आईला मिळेल.

मेळघाटाला आपण फार दिवस केवळ मदत घेणारा प्रदेश समजत आलो, आणि त्या समजुतीमुळे त्याच्याजवळ स्वतःचे अन्नशास्त्र आहे, स्वतःचे औषधज्ञान आहे, झाडांच्या वाटपाचा स्वतःचा न्याय आहे, हे आपल्या योजनांच्या आखणीत कधी शिरले नाही. धान्य, औषधे, डॉक्टर, अंडी ही सर्व मदत चालू राहिलीच पाहिजे, किंबहुना वाढली पाहिजे. परंतु जे अन्न त्या मातीने दिले आहे ते त्या मातीच्या लेकरांच्या तोंडी जाण्याआड येणारी प्रत्येक अडचण दूर करणे हे मदतीचे नव्हे, तर न्यायाचे काम आहे. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी, आदिवासी विकास महामंडळाने आणि कृषी विद्यापीठाने एकत्र बसून येत्या फाल्गुनापूर्वी तारणाची, कोठ्यांची आणि खरेदीच्या भावाची व्यवस्था केली, तर पुढल्या श्रावणात मेळघाटातील काही हजार घरांत तरी मोहाचे मडके भरलेले राहील. आणि एवढे साधण्यास नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही, लागतो तो या वृक्षाकडे अन्नदाता म्हणून पाहण्याचा निश्चय.